प्रशिक्षण गावापर्यंत आलं पाहिजे

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपण टक्केवारी बघतो. नव्वदच्या वर गेलेल्यांचे फोटो ग्रुपवर येतात, ती मुलं नीटच्या क्लाससाठी नांदेड-लातूरला जातात. काठावर पास झालेली आणि नापास झालेली मुलं मात्र कुणाच्याच ग्रुपवर नसतात. शिक्षक बंधू-भगिनींनो आणि पालकहो, वर्गात हीच मुलं संख्येने जास्त असतात. त्यांचं पुढे काय होतं ते आपल्याला माहीत आहे. कुणी मामाच्या ओळखीने चाकणला कंपनीत कंत्राटी कामाला लागतो, कुणी आई-बापाबरोबर उसाच्या फडावर जातो, कुणी "पोलीस भरतीची तयारी करतोय" असं सांगत तीन-चार वर्षं पारावर काढतो. मुलीचं तर बारावीच्या आतच ठरून जातं.

या मुलांसाठी कामधंद्याचं शिक्षण हवं, हे सगळेच म्हणतात. ते कुठे मिळावं, यावर फारसं कुणी बोलत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ते गावात, निदान दहा-पंधरा गावांच्या बाजारपेठेच्या गावात मिळालं पाहिजे आणि त्या परिसरात जे काम रोज निघतं त्याचंच मिळालं पाहिजे.

आपलं शिरड शहापूरच घ्या. औंढा नागनाथ तालुक्यातलं, औंढा-वसमत रस्त्यावरचं गाव. बाहेरच्या लोकांना ते मल्लिनाथ भगवंतांच्या जैन मंदिरामुळे ठाऊक आहे, आजूबाजूच्या खेड्यांना ते बाजारहाटाचं गाव म्हणून. एखाद्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभं राहून नुसतं बघा, काय काय दुरुस्तीला येतं. जळालेली पाणबुडी मोटार, तुटलेला रोटाव्हेटर, ट्रॉलीचा हुक, मोटारसायकली, मोबाईल. रब्बीत व्होल्टेज पडलं की मोटारी जळतात आणि रिवायंडिंगवाल्याकडे रांग लागते. पाण्याची पाळी चुकते, हरभरा वाळायला लागतो, तरी मोटार आज नाही उद्या मिळते. कारण हात कमी पडतात. इकडे हात कमी आणि तिकडे पारावर पोरं बसलेली!

हळदीचं तर काय सांगावं. वसमत आणि हिंगोली या हळदीच्या मोठ्या बाजारपेठा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मे-जूनमध्ये लावलेली हळद जानेवारीनंतर निघते आणि खरं काम तिथून सुरू होतं. कुकरमध्ये वाफेवर शिजवायची, दहा-पंधरा दिवस वाळवायची, ड्रममध्ये घालून पॉलिश करायची. कमी शिजली तर आतून कच्ची राहते, जास्त शिजली तर रंग जातो. ओल राहिली तर बुरशी धरते आणि आडतीवर भाव पडतो. नऊ महिन्यांच्या मेहनतीचं मोल त्या काही तासांत ठरतं. आणि ते काम करणारा माणूस बघून बघून शिकलेला असतो. वाफेचा दाब किती ठेवायचा, सुरक्षा झडप कशासाठी असते, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. हळदीतला ओलावा मोजायला शिकवणं अवघड नाही. प्रतवारी, दळण, पॅकिंग, लेबलवर कायद्याने काय छापावं लागतं, हे सगळं बारावी झालेली मुलगी काही आठवड्यांत शिकू शकते. आपण मात्र हळद कच्ची विकतो आणि तिचीच पुडी दुकानातून आणतो.

दुसरं उदाहरण अगदी ताजं. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेतून शिवारात सौर पॅनेल उभे राहत आहेत. पाच वर्षं देखभाल-दुरुस्ती कंपनीकडे आहे. ठीक. पण पॅनेल पंचवीस वर्षांच्या हिशोबाने बसवतात. सहाव्या वर्षी कंट्रोलर बिघडला तर शेतकऱ्याने कुणाकडे जायचं? आजच गावातली चार पोरं हे काम शिकली, तर पाच वर्षांनी त्यांच्याकडे धंदा चालत येईल.

यावर कुणी म्हणेल, आयटीआय आहे की! आहे, आणि ती चांगली व्यवस्था आहे. इलेक्ट्रिशियन, फिटर हे दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. तिचं प्रमाणपत्र देशभर चालतं. ज्याला जाता येतं त्याने जरूर जावं. पण ती तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावी असते. आत वाडी-तांड्यावर राहणाऱ्या मुलाला आधी फाट्यापर्यंत यायचं, मग एसटीची वाट बघायची. सुगीच्या दिवसांत घरी हात लागतात, म्हणून महिनाभर खाडा होतो आणि हजेरी गेली की मुलगा परत फिरकत नाही. मुलींच्या बाबतीत तर संध्याकाळची शेवटची गाडी हाच खरा प्रवेशनियम. बापाला मुलीवर विश्वास असतो, गाडीवर नसतो. गावातच दोन तासांचा वर्ग असेल तर "जाऊन ये" म्हणायला तो तयार असतो.

सरकारच्या लक्षात हे आलं नाही असंही नाही. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचं एकाच दिवशी उद्घाटन झालं. ३४ जिल्ह्यांत, प्रत्येक केंद्रात साधारण शंभर तरुण, किमान दोन अभ्यासक्रम. कल्पना योग्य होती. प्रश्न असा, की ते दोन अभ्यासक्रम कोण ठरवतं? गावाला मोटार रिवायंडिंग हवंय आणि केंद्रात शिकवतात भलतंच, असं व्हायला नको. अभ्यासक्रम निवडण्याआधी ग्रामसभेत एकदा विचारायला काय हरकत आहे?

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा अनुभव तर आपल्यापैकी अनेकांनी शाळेतच घेतला. बारावी झालेल्याला सहा हजार, आयटीआय किंवा पदविका झालेल्याला आठ हजार, पदवीधराला दहा हजार रुपये महिना. आधी सहा महिने, नंतर पाच महिने वाढवून मिळाले. पोरं मनापासून राबली, कुणी वर्ग सांभाळले, कुणी ग्रामपंचायतीत दाखले लिहिले. पण अकरा महिन्यांनी बाहेर पडताना हातात कोणतं कसब होतं? माझ्या मते या योजनेत विद्यावेतन होतं, प्रशिक्षण नव्हतं. ती मुलं नंतर 'कायम करा' म्हणून आंदोलनाला बसली यात त्यांचा दोष नाही. शिकण्यासारखं काही हाती आलं नाही, मग माणूस नोकरीच मागणार.

मग होऊ कसं शकतं? यासाठी जर्मनी-जपानची उदाहरणं द्यायची गरज नाही, पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं पाबळ पुरेसं आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले शास्त्रज्ञ. त्यांनी १९८३ मध्ये पाबळसारख्या दुष्काळी गावात 'विज्ञान आश्रम' सुरू केला. शाळा सुटलेली, नापास झालेली मुलं तिथे वर्षभर राहतात आणि वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वायरिंग, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया, माती-पाणी परीक्षण असं सगळंच हाताने करतात. एकाच यंत्रावर बसवलेला कामगार घडवायचा नाही, हा त्यामागचा विचार. खेड्यात एकट्या वेल्डिंगवर पोट भरेलच असं नाही. ज्याला वेल्डिंगही येतं, मोटारही जोडता येते आणि रोपवाटिकाही लावता येते, तो बारा महिने कामात राहतो. आपल्याकडचे जुने मिस्त्री असेच नव्हते का?

शिक्षक म्हणून मला यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. कलबागांनी हे शिक्षण शेजारच्या शाळांमध्ये नेलं. आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातून एक दिवस काम. शिकवायला त्याच भागातले कारागीर. आणि काम खरं: शाळेचा बाक दुरुस्त करायचा, गावातल्या कुणाचं फाटक बनवून द्यायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे. पैसे घ्यायचे म्हटलं की काम नीट करावंच लागतं, मोजमाप चुकून चालत नाही. क्षेत्रफळाचं सूत्र फळ्यावर दहा वेळा सांगून जे डोक्यात शिरत नाही ते पत्रा कापताना शिरतं. पुढे राज्य मंडळाने या अभ्यासक्रमाला दहावीचा विषय म्हणून मान्यता दिली. आज समग्र शिक्षामधून काही शाळांत नववी-दहावीला जो 'मल्टी स्किल' विषय चालतो, त्याचं मूळ या पाबळच्या प्रयोगात आहे. म्हणजे नवं काही शोधायचं नाही. नव्या शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकण्यासाठी सांगितले आहेत. ते दहा दिवस आपण सहल, रांगोळी आणि फोटोत संपवू नयेत. (फोटो अपलोड करायचे असतात हे मान्य!)

आता एक आक्षेप, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. "आमच्या पोरांनी पाने-पकडी धरायच्या आणि गुरुजींच्या पोराने डॉक्टर व्हायचं?" असं एखाद्या पालकाने विचारलं तर काय उत्तर द्याल? मद्रास राज्यात १९५३ मध्ये मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी अशी योजना आणली, की प्राथमिक शाळेतल्या मुलांनी काही तासच शाळेत यावं आणि उरलेल्या वेळात आई-बापाचा धंदा शिकावा. पेरियार आणि इतरांनी तिला जातीचे धंदे पक्के करणारी योजना म्हणून कडाडून विरोध केला. १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले आणि ती योजना गुंडाळली गेली. विरोध करणारे बरोबर होते. म्हणून आपल्याकडे दोन गोष्टींवर तडजोड नको. शाळेचे तास कापून प्रशिक्षण द्यायचं नाही. आणि कोण काय शिकणार हे आडनावावरून ठरता कामा नये. पाटलाच्या पोरानेही वेल्डिंग शिकावं, मुलींनीही मोटार बांधावी. गुरुजींच्या पोरानेही त्या दिवशी हात काळे करावेत. 'अभ्यासात कच्चा तो आयटीआयला' हे वाक्य स्टाफरूममध्ये बोललं जातं तोवर पालकांचा संशय जाणार नाही.

आणि गावात शिकला म्हणजे गावातच अडकला, असंही नाही. आपल्याच तालुक्यात दुधाळा परिसरात लायगो-इंडिया हा गुरुत्वीय लहरी टिपणारा प्रकल्प उभा राहतोय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आत जवळजवळ संपूर्ण निर्वात पोकळी. तिथलं वेल्डिंग सहा महिन्यांच्या वर्गावर जमणारं नाही, उगाच आशा दाखवू नये. पण वीज, वातानुकूलन, पंप, इमारतींची देखभाल ही कामं तिथे वर्षानुवर्षं राहणार. आज आपण पायाभूत प्रशिक्षण दिलं नाही, तर जगभरचे शास्त्रज्ञ तालुक्यात येतील आणि आपली पोरं फाटकावर वॉचमन राहतील.

आणखी एक, जरा नाजूक. गावात राहणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, ही आज घराघरातली चिंता आहे. पुण्यात बारा-पंधरा हजारांवर खोली करून राहणारा 'कंपनीत आहे' म्हणून पसंत पडतो. गावात तेवढेच कमावणारा मोटार मेकॅनिक नाकारला जातो. त्याच्याकडे दुकानाचा परवाना आणि भिंतीवर सरकारी प्रमाणपत्र असेल तर सोयरिकीच्या बोलणीत फरक पडेल असं मला वाटतं. अनुभवाने शिकलेल्या कारागिरालाही परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. गावातल्या जुन्या मिस्त्रींना आधी ते मिळवून द्यावं. उद्याचे शिक्षक तेच आहेत.

सुरुवात छोटी करता येईल. नवी इमारत नको, संध्याकाळी पाचनंतर शाळा रिकामीच असते. मोटार व सौरपंप, वेल्डिंग आणि हळद प्रक्रिया, एवढे तीन वर्ग पुरे. शिकवायला गावातला मिस्त्री, त्याला तासाप्रमाणे मानधन, आणि परीक्षा घ्यायला तालुक्याच्या आयटीआयचे निदेशक. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, ठराव करून ग्रामसभेकडे पाठवा. त्याआधी एक चौकशी जरूर करा. शाळेच्या मीटरवर मोठं वेल्डिंग मशीन सहसा चालत नाही, त्याला थ्री-फेज जोडणी लागते. ती कुणाच्या नावावर घ्यायची आणि बिल कोण भरणार, हे पहिल्याच बैठकीत ठरवून टाका. नाहीतर यंत्रं येतील आणि कोपऱ्यातल्या खोलीत, बंद पडलेल्या संगणकांच्या शेजारी जाऊन बसतील.