बसू द्या त्यांना

दिवाळी अंकासाठी येणाऱ्या साहित्यात एक लेख दरवर्षी असतो. लेखक बदलतो, गाव बदलतं, तक्रार तीच. आजची मुलं कुणात मिसळत नाहीत, मोबाइलमध्ये मान घालून बसतात, आमच्या वेळी कसे कट्टे रंगायचे! यंदा असे लेख इतके आले की त्यांचाच एक विभाग निघाला असता. आम्ही त्यातला एकही छापलेला नाही. लिहिणाऱ्यांपैकी काहींना आम्ही जवळून ओळखतो. ते आपापल्या सोसायटीच्या कमिटीवर आहेत आणि ‘बॅचलर्सना फ्लॅट भाड्याने देऊ नये’ या ठरावावर त्यांचीच सही आहे. वर्षभर ही गोष्ट डोक्यात घोळत होती, ती आता इथे उतरवून टाकतो.

आढाव्याची प्रथा आहे म्हणून दोन ओळी. २०२५ मध्ये शाळेत पहिलीपासून हिंदीचे शासन निर्णय निघाले आणि जूनअखेर मागे घ्यावे लागले. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेले. जुलैत मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्याचा आनंद आहेच, पण त्यातल्या राजगडावर आणि साल्हेरवर शनिवारी रात्री पाठीवर सॅक टाकून कोण चढतं, तेही एकदा बघा. कुणात मिसळत नाहीत म्हणता, तीच ही मुलं.

मिसळतात, आणि मजेत मिसळतात. शुक्रवारी रात्री अकराला पुण्यातल्या बाणेरच्या किंवा ठाण्याच्या एखाद्या क्रिकेट टर्फवर जा. जाळीला बॉल लागला की किती रन, यावर हमरीतुमरी चाललेली असते. खेळ संपला की भुर्जीपावाची गाडी, आणि घरी पोचेपर्यंत ग्रुपवर प्रत्येकाच्या वाट्याचा हिशेब पडलेला. कुणी शेवटची कसारा लोकल पकडून कळसूबाईच्या वाटेला लागतं. कुणी चाळीस खुर्च्यांच्या खोलीत पहिल्यांदा माइक हातात धरून पाच मिनिटं विनोद करतं आणि हसणाऱ्यांत त्याच्याच ऑफिसातली तिघं असतात. १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेचे दिवस आले की कॉलेजच्या पार्किंगमध्ये दुचाक्या बाजूला सारून तालमी सुरू होतात.

सगळ्यात मोठी मजा तर अशी ठरवून होतच नाही. ऑफिस सुटल्यावर एखादी ‘कुठे आहेस?’ विचारते आणि अर्ध्या तासात चौघंजण टपरीवर कटिंग घेऊन उभी असतात. विषय काही नसतो. बॉसची नक्कल, घरमालकाच्या तऱ्हा, कुणाचं जमलं, कुणाचं फिसकटलं. नोकरीसाठी एकट्याने आलेल्या मुलाला परकं शहर आपलं वाटायला लागतं ते अशाच एखाद्या संध्याकाळी. पगारवाढीने ते काम होत नाही.

पण टपरीवर उभं राहायला मिळतं, बसायला नाही. बसायचं तर दोन-अडीचशेची कॉफी घ्यायची, आणि कप रिकामा झाला की वेटर ‘अजून काही?’ विचारत घिरट्या घालतो. बागेत जावं, तर पुण्यातल्या महापालिकेच्या बऱ्याच बागांत रात्री आठच्या सुमारास शिट्टी वाजते. हिंजवडीच्या ऑफिसातून सातला निघालेला मुलगा डेक्कनला पोचेपर्यंत फाटकाला कुलूप लागलेलं असतं. या वेळा निवृत्तांच्या फेरफटक्याला सोयीच्या आहेत, म्हणजे तुमच्या-आमच्या. आणि मुंबईत जानेवारी २०२० मध्ये बिगरनिवासी भागातल्या मॉलना, दुकानांना, हॉटेलांना चोवीस तासांची मुभा मिळाली! पैसे खर्च करणाऱ्याला रात्रभर दार उघडं आणि फुकट बसणाऱ्याला शिट्टी, हे कुणाला खटकलंही नाही.

मुंबईत दादरचं शिवाजी पार्क २०२५ मध्ये शंभर वर्षांचं झालं. १९२५ मध्ये खुलं झालं तेव्हा ते माहीम पार्क होतं, १९२७ मध्ये त्याचं नाव बदललं. त्याच्याभोवतीच्या कट्ट्यावर बसायला आजही कुणी पैसे मागत नाही, आणि कितीतरी दादरकरांच्या दोस्त्या तिथेच झाल्या. असे कट्टे आपण पुढे किती बांधले? नव्या टॉवरची कंपाउंडची भिंत पाहा. कुणी टेकू नये अशाच बेताने तिच्यावर सळया ठोकलेल्या असतात.

घरी भेटावं तर घराचीही तीच गत. पुण्याच्या सदाशिव, नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहणारी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी हजारो मुलं आहेत. भाडं एका कॉटचं, त्यामुळे मित्र आला तर तो बसणार कुठे? फ्लॅट मिळालाच, तर दहानंतर पाहुणे नकोत, मुलींनी मुलांना आणायचं नाही, आणि वॉचमनच्या वहीत प्रत्येकाची नोंद. मुलींचं तर बाहेरही अवघड आहे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये ‘वाय लॉइटर?’ या पुस्तकात मुंबईबद्दल हेच मांडलं होतं. बाईला रस्त्यावर असण्यासाठी काहीतरी काम दाखवावं लागतं, आणि विनाकारण रेंगाळता येणं हाही तिचा हक्क आहे. पुस्तकाला चौदा वर्षं उलटून गेली. समुद्राकाठी एकटी निवांत बसलेली मुलगी दिसली की अजूनही दोघंतिघं तरी ‘कुणाची वाट बघतेस?’ विचारून जातात.

अशी जागा देऊन, रिकामं बसून काय मिळतं, असं विचारणाऱ्यांसाठी दोन उदाहरणं. १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेला दादरच्या छबिलदास शाळेचं सभागृह मिळालं, आणि मराठी प्रायोगिक नाटकाची एक आख्खी चळवळ त्या शाळेच्या नावाने ओळखली गेली. मुंबईच्या काळा घोडा भागातल्या वेसाइड इन या रेस्टॉरंटमध्ये कवी अरुण कोलटकर बसत असत, बाहेरचा चौक बघत. त्या बघण्यातून २००४ चा ‘काळा घोडा पोएम्स’ हा कवितासंग्रह आला. पण हा मुद्दा आम्ही फार ताणणार नाही. प्रत्येक अड्ड्यातून चळवळ निघावी, प्रत्येक चहातून कवी निघावा, ही अट कशासाठी? चार मुलं दोन तास हसली आणि घरी गेली, तर संध्याकाळ कारणी लागली.

दिवाळीत मात्र आपण हे सगळं चालवून घेतो. नरकचतुर्दशीच्या सकाळी डोंबिवलीचा फडके रोड बघा, ठाण्याचा राम मारुती रोड बघा. अभ्यंगस्नान उरकून, झब्बे घालून, नऊवाऱ्या नेसून मुलंमुली रस्ताभर नुसती उभी असतात. शाळेतला कुणी दिसला की हाका मारायच्या, फोटो काढायचे, पुन्हा उभं राहायचं. वाहतूक वळवली जाते, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ‘तरुणाईचा जल्लोष’ म्हणून चार कॉलमी फोटो येतो. भाऊबीज उलटली की तीच मुलं रात्री दहाला त्याच फुटपाथवर थांबली, तर गस्तीची गाडी कडेला लागते आणि नाव-गाव विचारते. वर्षातून एक सकाळ सणाच्या नावाने सोडायची आणि उरलेलं वर्ष हटकत राहायचं, याला आम्ही परंपरा म्हणणार नाही.

म्हणून यंदाचा विशेष विभाग चोविशी-पंचविशीतल्या मुलामुलींच्या हाती दिला आहे. त्यांची भाषा तुम्हाला मधूनमधून खटकेल. ती आम्ही सुधारलेली नाही. मराठी टिकावी असं वाटत असेल, तर ती अशीच, चकाट्या पिटताना बोलली गेली पाहिजे.

मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकांपर्यंत मुंबई-पुण्यात नगरसेवक नव्हते. आता ते आले आहेत, म्हणजे कधीतरी तुमच्या दारातही येतील. पाणी आणि खड्डे तुम्ही विचारालच. त्यांच्या जोडीला बाग रात्री अकरापर्यंत उघडी ठेवणार का, आणि महापालिकेच्या शाळांचे हॉल संध्याकाळी तालमींना, बैठकांना नाममात्र भाड्यात देणार का, हेही विचारा. वॉर्डात स्वतःच्या नावाचे बाक बसवायला नगरसेवकांना आवडतंच. त्या बाकांवर मुलांना बसूही द्या, म्हणावं. त्यांना बघून नाक मुरडणाऱ्यांत आपला नंबर लागणार नाही, एवढं तुम्ही बघा.