दांडी केवढी, पोट केवढे?

मिरजेला तंबोरा घ्यायला गेलात, तर आधी पाहिले जाते ते गाणाऱ्याच्या गळ्याकडे. बायकांचा सूर उंच, म्हणून तंबोरा लहान. पुरुषांचा खालचा, म्हणून मोठा. हाच हिशेब घेऊन युकुलेले विकत घ्यायला गेलेला मराठी गृहस्थ मात्र हमखास फसतो.

हे चार तारांचे चिमुकले वाद्य हवाई बेटांतले. १८७९ साली पोर्तुगालच्या मदैरा बेटावरून मजूर घेऊन एक जहाज होनोलुलूला आले. त्यात तीन सुतार होते. त्यांनी आपल्याकडच्या लहान वाद्यांच्या धर्तीवर जे घडवले, त्यातून हे जन्मले.

आज त्याची चार मापे मिळतात: सोप्रानो, कॉन्सर्ट, टेनर आणि बॅरिटोन. घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंतची बोलती तार अनुक्रमे सुमारे साडेतेरा, १५, १७ आणि १९ ते २० इंच. गंमत अशी, की पहिली तिन्ही सहसा एकाच सुरांत लावतात. एकटे बॅरिटोन खाली, गिटारच्या बारीक चार तारांप्रमाणे. तेव्हा इथे दांडीचे माप गळ्यावरून नव्हे, बोटांवरून ठरवायचे.

आमच्या शेजारचे नाना पेन्शनीत निघाल्यावर हौसेने सोप्रानो घेऊन आले. पडद्यांत त्यांची बोटे मावेनात. महिन्याभरात "या वयात आपल्याला काय जमणार!" म्हणून वाद्य कपाटावर गेले. मला हळहळ वाटली ती याची, की दोष वयाचा नव्हताच; दोन पडद्यांमधल्या जागेचा होता. कुणाचे तरी कॉन्सर्ट आणून दिले, तर दिवाळीच्या आत नाना दोन गाणी वाजवू लागले. सोप्रानो त्यांच्या नातीने पळवले. तिच्या हाताला ते बेतून केल्यासारखे!

पण लांब दांडी म्हणजे सर्व दुःखांवर औषध नव्हे. एकाच सुरासाठी लांब तार अधिक ओढावी लागते, म्हणून ती बोटाला कडक लागते. शिवाय लांबीने पडदे दूर जातात, तारा नव्हे. एक बोट दोन तारांना शिवत असेल, तर वरच्या पट्टीशी रुंद असलेली दांडी मागा.

आता पोट. नेहमीचा आकार इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा. त्याची कंबर बसल्यावर मांडीवर नीट टेकते. दुसरा अननसासारखा, बिनकंबरेचा. होनोलुलूच्या सॅम्युएल कमाका यांनी १९२८ साली त्याचे पेटंट घेतले. कंबर नसल्याने तबलीला जागा जास्त, आवाज गोलसर. सोप्रानोची खळखळ आवडते, पण बोटे मोठी आहेत? मग लहान पोटाला कॉन्सर्टची दांडी जोडलेलेही मिळते. दांडी हाताने निवडावी, पोट कानाने.

पारख सोपी आहे. वरून दुसऱ्या पडद्याच्या घरात शेजारच्या तीन तारांवर तीन बोटे ठेवा आणि चारही तारा छेडा. ही 'डी मेजर'ची स्वरसंगती. चौघी मोकळ्या बोलल्या, तर माप जमले. एखादी मुकी राहिली, तर पुढचे वाद्य उचला.

आणि भाऊबीजेची ओवाळणी म्हणून घेणार असाल, तर बहिणीला दुकानात बरोबर न्या. गुपित फुटेल, फुटू द्या. ब्लाउज शिवायला टाकताना माप देतो. वाद्याने काय पाप केले आहे?