उपदेश नागरिकाला, अभय कंपन्यांना

दूरध्वनीवरून होणाऱ्या फसवणुकीच्या बाबतीत सरकार, बँका आणि दूरसंचार कंपन्या यांचे एका गोष्टीवर पूर्ण एकमत आहे : चूक फसणाऱ्याची आहे. ‘सावध राहा’, ‘ओटीपी कोणाला सांगू नका’ असा उपदेश अहोरात्र चालू असतो. उपदेश खोटा नाही. परंतु त्याच्या आडून जी जबाबदारी टाळली जात आहे, तिचा जाब विचारलाच पाहिजे.

सरकारनेच संसदेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत नागरिकांनी २०२३ साली ७,४६५ कोटी रुपये गमावले; २०२४ साली हा आकडा २२,८४५ कोटींवर गेला. एका वर्षात तिपटीने वाढलेले हे नुकसान लोकांच्या तिपटीने वाढलेल्या मूर्खपणाचे फळ आहे काय?

‘डिजिटल अटके’चेच उदाहरण घ्या. आपल्या कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही. पण ज्या देशात निरपराध माणसालाही पोलीस ठाण्याची पायरी चढताना कापरे भरते, तेथे पडद्यावर गणवेश दिसताच सेवानिवृत्त शिक्षकही आयुष्याची पुंजी हवाली करतो. ठगांचे खरे भांडवल ही भीती आहे, आणि ती त्यांनी निर्माण केलेली नाही.

दुसरे भांडवल म्हणजे बनावट क्रमांक. फोनवर दिसणारा क्रमांक हा पुरावा नव्हे. ज्या जाळ्यातून फोन निघतो ते जाळे जो क्रमांक सांगेल, तोच बहुधा पुढे दाखविला जातो. मूठभर टेलिफोन संस्था परस्परांवर विश्वासून व्यवहार करीत, त्या काळची ही रचना. इंटरनेटवरून फोन लावणे सोपे झाल्यावर परदेशात बसलेल्या ठगाला भारतीय क्रमांकाचा मुखवटा चढविणे सहज शक्य झाले. हा मुखवटा ओळखण्याचे साधन नागरिकापाशी नाही, कंपन्यांपाशी आहे. भारतीय क्रमांकाचा फोन परदेशातून येत असेल, तर तो ग्राहक खरोखर परदेशी गेला आहे की नाही, हे त्यांच्याच नोंदींत असते. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी सरकारने अशी तपासणी करणारी केंद्रीय यंत्रणा सुरू केली आणि पहिल्या २४ तासांत सुमारे १.३५ कोटी बनावट फोन अडविले गेले! उपाय तांत्रिकदृष्ट्या शक्य होता. पण नुकसान दुसऱ्याचे होत असल्याने तो करण्याची निकड कोणाला नव्हती.

ठग फोनची वाट बदलू शकतात, बदलतातही. पैशाची वाट मात्र बँकेतूनच जाते. भाड्याने घेतलेल्या खात्यात एका दुपारी लाखो रुपये येतात आणि काही मिनिटांत डझनभर खात्यांत पांगतात. हप्ता चुकला की त्याच दिवशी दंड कापणाऱ्या संगणकाला हे दिसू नये? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने मात्र असे ठरविले, की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसा गेला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान त्यानेच सोसावे. नफा खासगी, तोटा नागरिकाचा!

ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून फसवून पाठवायला लावलेल्या रकमेची ८५,००० पौंडांपर्यंतची भरपाई बंधनकारक झाली, आणि तिचा भार पैसे पाठविणाऱ्या व स्वीकारणाऱ्या बँकांवर निम्मा-निम्मा टाकण्यात आला. भरपाई मिळाली की लोक बेफिकीर होतील, असा आक्षेप घेतला जातो. आयुष्याची कमाई पणाला लागलेला माणूस मुद्दाम बेफिकीर होत नसतो. बेफिकिरी परवडते ती ज्याचे काहीच जात नाही त्याला. जो धोका रोखू शकतो त्याच्यावर नुकसानीचा भार टाका, तो धोका रोखू लागेल. अर्थशास्त्राचा हा प्राथमिक धडा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १ डिसेंबर २०२५ रोजी डिजिटल अटकेच्या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपविला, हे योग्यच झाले. पण एक टोळी पकडली तरी दुसरी उभी राहील. म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी : भरपाई दोन्ही बँकांनी द्यावी, बनावट क्रमांक पोहोचविणाऱ्या कंपनीने तिचा वाटा उचलावा, आणि अनोळखी खात्यात जाणारी मोठी रक्कम काही काळ थांबवून धरावी. तोवर कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीत फसलेल्या माणसाशेजारी बसून १९३० या क्रमांकावर तात्काळ तक्रार नोंदवावी. त्याला दोष देणारे पुष्कळ आहेत; त्याच्या बाजूने उभे राहणारे आपण असले पाहिजे.