पावसाळी लिली भाकीत करत नाही

शाळेच्या बागेत वाफ्याच्या कडेने लावलेली पावसाळी लिली तुम्ही पाहिली असेल. गवतासारखी अरुंद पाने आणि एकेका पोकळ दांड्यावर एकेक गुलाबी, पांढरे किंवा पिवळे फूल. वळीव पडून गेला, की काही दिवसांतच सारा वाफा फुलून येतो. 'ढग गडगडले म्हणून फुलली', 'फुले आली, आता आणखी पाऊस येणार', असे मोठी माणसे सांगतात. कधी शिक्षकही सांगतात. माझ्या मते हे नुसते सांगू नये, मुलांना तपासायला लावावे.

हे फूल पावसाची वर्दी देत नाही. पाऊस पडून गेल्याची पावती देते. कळीची तयारी कंदात आधीच झालेली असते. कोरड्या काळानंतर ओल मिळाली, की दांडा झपाट्याने वर येतो. पण नुसती ओल पुरते, की पावसाबरोबर येणारा गारवाही लागतो? नळाचे पाणी चालेल का?

यासाठी श्रीगोंदे तालुक्यातील काष्टीसारखे गाव फार सोयीचे. महाबळेश्वरच्या संततधारेत कोणत्या सरीने फूल आणले, हे कसे ओळखणार? काष्टी पर्जन्यछायेत आहे. दोन पावसांत मोठा खंड पडतो. शिवाय वळीव एका शिवारात कोसळतो आणि शेजारचे कोरडे राहते. शनिवारच्या बैलबाजाराला आलेल्या शेतकऱ्यांना विचारून पाहा!

सारख्या आकाराचे कंद चार कुंड्यांत लावा. पाने रुजल्यावर कुंड्या महिनाभर छपराखाली कोरड्या ठेवा. मग एक पावसात ठेवा, एक तशीच कोरडी राहू द्या. उरलेल्या दोन छपराखालीच ठेवून कडक उन्हाच्या दिवशी एकीला नळाचे, दुसरीला साठवलेले पावसाचे पाणी तेवढेच मापून घाला. रोज तापमान लिहा. न फुललेल्या कुंडीचीही नोंद हवी.

या प्रजातीला विल्यम हर्बर्ट यांनी १८२१ साली झेफायरँथस, म्हणजे पश्चिमवाऱ्याचे फूल, असे नाव दिले. नाव आपल्या मोसमी पावसाला शोभते खरे, पण तिचे मूळ घर अमेरिका खंडात आहे.

कांदा पिकवणाऱ्या घरांतील मुलांना आणखी एक सांगायला हवे. २००९ च्या वर्गीकरणानुसार कांदा आणि ही लिली एकाच, ॲमारिलिडेसी कुलात येतात. कंदही दिसायला सारखे. मात्र लिलीच्या कंदाला कांद्याचा उग्र वास नसतो, आणि त्यात लायकोरीन हे विषारी द्रव्य असते. चव घेऊन पाहू नका; उलट्या होतील. कंद हाताळल्यावर हात धुवा.