धूर कुणाच्या नाकात?

गावाकडं नांदेडला गेलतो. भाचा शाळेतून आला तो घोकतच. कुणी साहेब सांगून गेला म्हणे : डिजिटल व्हा, कागद वाचवा, कार्बन घटतो. पोरांनी टाळ्या पिटल्या. पिटणारच. मोबाईलला धुराडं कुठं दिसतं?

मला दिसतं. मी मुंबईत गोदीत राबतो. दहावी पास, कविता करतो, हात काळे. बंदरात कोळसा उतरतो आणि सर्व्हर थंड करायची यंत्रंही उतरतात. दोघांचं लगीन लागतं पुढं, ऐरोली-महापेच्या बिनखिडक्यांच्या इमारतींत. डेटा सेंटर. देशातल्या अशा सेंटरांची निम्म्याच्या आसपास ताकद मुंबईच्या पट्ट्यात आहे. तुमची रील, माझी कविता, शेठचे शेअर, सगळं तिथं रात्रंदिवस वीज खात बसतं. २०२४ साली जगाच्या विजेतला दीड टक्का डेटा सेंटरांनी गिळला. २०३० पर्यंत ही भूक दुपटीच्या वर जाईल, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज. आणि आपल्याकडं चारातली जवळजवळ तीन युनिटं कोळशाची. साले त्याला क्लाऊड म्हणतात. परळीच्या शेतात राख पडते तिला काय म्हणायचं?

१ जुलै २०१५. दिल्लीत डिजिटल इंडियाचा नगारा वाजला. त्याच महिन्यात परळीचं औष्णिक केंद्र पाण्यावाचून बंद पडलं. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लागलं. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. माझी माय घागर घेऊन रांगेत, पोलीस काठी घेऊन पुढं. कोळशाच्या विजेला पाणी लागतं, सर्व्हर थंड करायलाही पाणी लागतं. घागरीचा नंबर कितवा?

इकडं मुंबईत माहूल. झोपड्या पाडून माणसं तिथं नेऊन कोंबली, रिफायनऱ्यांच्या नाकाखाली. २०१९ साली हायकोर्टालाही म्हणावं लागलं, तिथं राहायची जबरदस्ती करू नका. शेजारी ट्रॉम्बेचं कोळशाचं युनिट. बंद करायच्या गोष्टी झाल्या होत्या. विजेची मागणी वाढली, आयुष्य वाढवून दिलं. युनिटाचं. माहूलकराचं नव्हे.

वर परिषदांतून उपदेश : गरीब देशांनी धूर आवरावा. अमेरिकेतला माणूस वर्षाला १४ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, भारतातला २. त्या दोनातही साखरसम्राटाचा एसी आणि ऊसतोड्याची चूल एकत्र टाकून भागाकार! पाप त्याचं, वाटणी आमच्यात.

मोबाईल फेकून द्या असं मी म्हणत नाही. फेकणारा मूर्ख. वाडीवरल्या अत्याचाराची बातमी रात्रीतून पोचते ती त्याच्यावरच. पण निळा फोटो लावून क्रांती झाली समजणाऱ्या आपल्या शहरी पोरांनी एवढं तर मागावं : प्रत्येक डेटा सेंटरच्या दारावर पाटी लावा. वीज किती, कोळसा किती, पाणी किती, कुणाच्या वाट्याचं.

भाच्याला सांगून आलोय. साहेब पुन्हा आला की टाळ्या पिटू नको. हात वर कर आणि विचार, सर, तुमच्या कॉम्प्युटरला टँकर रोज येतो का?