पंक्तिप्रपंच



वस्तुसंग्रहालय म्हटले म्हणजे प्राचीन मूर्ती, चित्रे, भांडी आणि वस्त्रे हीच आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात. तेथे जेवणाखाण्याचीही सोय असावी, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. लंडन शहरातील ज्या संग्रहालयास आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणतात, त्याचे पहिले संचालक हेन्री कोल यांच्या मनात मात्र ते आले. १८५७ साली साउथ केन्सिंग्टन येथे उघडलेल्या या संग्रहालयाचे उपाहारगृह हे जगातील अशा प्रकारचे पहिलेच होय, असे मानतात. दिवसभर राबणाऱ्या कामकऱ्यांनाही कलाकृती पाहता याव्यात म्हणून संध्याकाळी गॅसच्या दिव्यांच्या उजेडात ते संग्रहालय उघडे ठेवीत.

पुढे या उपाहारगृहासाठी तीन दालने सजविण्यात आली. एक विल्यम मॉरिस यांचे, हिरव्या भिंतींचे व मंद उजेडाचे. दुसरे एडवर्ड पॉइंटर यांचे. त्यातील निळ्या-पांढऱ्या फरश्या कलाशाळेतील विद्यार्थिनींनी स्वहस्ते रंगविल्या आहेत. या दोहोंच्या मध्ये जेम्स गॅम्बल यांचे भव्य दालन आहे. त्यात चकचकीत फरश्यांनी मढविलेले खांब, मिनाकामाचे छत आणि रंगीत काचांच्या खिडक्या आहेत. आजही तेथे दुपारचे जेवण घेता येते.

या मधल्या दालनाच्या भिंतींवर, छताच्या खाली, मोठ्या अक्षरांची एक पट्टी आहे. तीवर पवित्र शास्त्रातील उपदेशकाच्या दुसऱ्या अध्यायातील वचन आहे. मनुष्याने खावे, प्यावे आणि आपल्या श्रमांत जिवास समाधान लाभू द्यावे, याहून हितकर असे काही नाही, हा त्याचा भावार्थ. जेवणघरास याहून शोभेसे वचन कोणते?

परंतु त्याच काळी त्याच उपाहारगृहात श्रेणी होत्या. पहिल्या श्रेणीचे पदार्थ वेगळे, दुसरीचे वेगळे. आणि संग्रहालयाची इमारत बांधणारे कारागीर व मजूर यांच्यासाठी तिसरी श्रेणी. श्रमाचा गौरव भिंतीवर, आणि श्रमणारा शेवटच्या पंक्तीत!

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. भिंतीवरील वचन श्रमांच्या समाधानापाशीच थांबते. पवित्र शास्त्र तेथे थांबत नाही. हे सारे देवाच्याच हातून येते, असे उपदेशक लगेच पुढे सांगतो. तोच तर सर्वांचा गाभा आहे. अन्न जर देवाच्या हातचे, तर पंक्तीत उच्च-नीच ठरविणारे आपण कोण? करिंथ येथील ख्रिस्ती लोक प्रभुभोजनास जमत, तेव्हा कोणी पोट भरून घेई आणि कोणी उपाशी राही. त्यावरून संत पौलाने त्यांची कठोर शब्दांत कानउघाडणी केली होती.

वाचकहो, लंडनच्या त्या जुन्या श्रेणींना हसण्यापूर्वी आपण आपल्या मांडवात डोकावून पाहावे. चर्चच्या सणाला किंवा लग्नाला पहिली पंगत कोणाची असते? ज्यांनी मांडव घातला, पाणी भरले, भांडी घासली, वाजंत्री वाजविली, त्यांच्या पानात शेवटी केवळ रस्साच का उरतो? आणि सांगताना जीभ अडखळते, परंतु सांगितलेच पाहिजे: एकाच बाप्तिस्म्याने ख्रिस्तात आलेल्या काही बांधवांना त्यांच्या पूर्वजांच्या जातीमुळे आजही दूर बसविणारी घरे आपल्यांत आहेत. सकाळी वेदीपाशी एक भाकर आणि दुपारी मांडवात दोन पंगती, हे प्रभूस कसे रुचावे?

लंडनच्या त्या दालनांत आता श्रेणी उरलेल्या नाहीत. हाती तबक घेऊन सारे एकाच रांगेत उभे राहतात आणि मिळेल त्या मेजाशी बसतात. तेथे जे घडले, ते आपल्या मांडवात का घडू नये? येत्या सणाला यजमानांनी वाढप्यांना व मजुरांना आपल्या शेजारी बसवावे, आणि मगच भोजनापूर्वीची प्रार्थना म्हणावी. त्या दिवशी ती प्रार्थना खरी ठरेल.