गिअरबॉक्सचा तडा

घरांत एखादी वस्तु फुटली, कीं पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कोणीं फोडली?" आमच्या घरांतही तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि त्याचें उत्तर बहुधा "आपोआप फुटली" असेंच मिळत आलें आहे. गेल्या महिन्यांत एका मिस्त्रींनीं हा प्रश्न बाजूस सारून दुसराच विचारला. ती हकीकत वाचकांस उपयोगी पडेल, असें वाटून येथें देत आहों.

आमच्या गांवच्या घरीं तीर्थरूपांच्या वेळची एक विलीज जातीची जीप आहे. ती शोभेची नव्हे. आमच्या मातुःश्रींस दर पंधरवड्यास घाट उतरून तालुक्याच्या इस्पितळांत नेण्याचें काम तिच्याकडे असतें. पावसाळा संपल्यावर एके सकाळीं तिच्याखालीं तेलाचा मोठा डाग दिसला. वांकून पाहतों तों गिअरबॉक्सच्या हाऊसिंगला, म्हणजे ज्या पेटींत दंतचक्रें तेलांत फिरतात त्या पेटीला, खालच्या अंगास तडा गेलेला, आणि त्यांत कपडे धुण्याचा साबण भरलेला! "ओढ्यांतला दगड लागला असेल," असें कॉलेजांत शिकणारा आमचा धाकटा पुतण्या म्हणाला. साबण कोणीं भरला, याविषयीं मात्र कोणी कांहीं बोललें नाहीं.

आमच्या वडील बंधूंनीं निकाल दिला, "बीड एकदां फुटलें, कीं फुटलें. तें सांधत नाहीं. जीप भंगारांत द्यावी." हें मत अगदींच निराधार नव्हे. या जीपचें हाऊसिंग बिडाचें, म्हणजे ओतीव लोखंडाचें असतें. त्यांत शेंकडा २ ते ४ भाग कार्बन असून त्याचा बराच अंश ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपानें राहतो. त्यामुळें बीड ताणलें जात नाहीं, तुटतें. वेल्डिंग करून तें झपाट्यानें थंड होऊं दिलें, तर सांध्याच्या कडेस तें कांचेसारखें ठिसूळ बनतें आणि शेजारींच नवा तडा जातो.

तथापि बीड सांधत नाहीं, हें खरें नव्हे. सन १९१७ मध्यें अमेरिका महायुद्धांत उतरली, तेव्हां तिच्या बंदरांत अडकून पडलेल्या जर्मन जहाजांवरील खलाशांनीं इंजिनांचीं बिडाचीं सिलिंडरें फोडून ठेविलीं होतीं. नवीं ओतण्यास फार काळ लागला असता. अमेरिकन आरमारानें तींच विजेच्या वेल्डिंगनें व ठिगळें बसवून दुरुस्त केलीं, आणि त्याच जहाजांतून अमेरिकन सैन्य फ्रान्सला गेलें. हा दाखला ऐकून बंधूंनीं आठ दिवसांची मुदत दिली.

गिअरबॉक्स उतरवून आम्ही व पुतण्या तालुक्याच्या गांवीं एका वयस्क मिस्त्रींकडे गेलों. त्यांनीं पेटी न्याहाळली आणि विचारलें, "कसें फुटलें?"

"कोणीं फोडलें तें अजून कळलें नाहीं," आम्ही म्हणालों.

"तें तुमच्या घरचें तुम्ही पाहा, साहेब. मला कसें तेवढें सांगा. दगड लागला असेल, तर धक्का वरपर्यंत गेला असेल. बेअरिंगच्या बैठका हालल्या असतील, तर हें मी सांधणार नाहीं. तडा बुजेल, पण आंतले दांते एकमेकांस खातील."

क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग पुतण्या हळूच म्हणाला, "काका, दगड नव्हता." त्यानें आदल्या संध्याकाळीं स्वतःच तेल बदललें होतें. खालचें बूच थोडें ठिबकत होतें, म्हणून पान्याच्या दांड्यांत दोन हात लांब नळी घालून त्यानें तें सर्व जोरानें आवळलें. टक् असा आवाज झाला. घाबरून त्यानें साबण भरला. आमच्या मनांत राग आला, हें लपवीत नाहीं. तो डाग कोणाच्या दृष्टीस पडला नसता, तर तेलावांचून दांते तापून घाटांतच गिअर अडकले असते, आणि गाडींत आमच्या मातुःश्री बसलेल्या असत्या.

परंतु आमच्या आधीं मिस्त्रीच बोलले, "मग हें सांधेल!" त्यांनीं पुतण्यास बूच दाखविलें. त्याचे आटे निमुळते होते. "हें जितकें आंत जाईल, तितकें भोक फांकवितें. लांकूड फोडायला पाचर घालतात, तेंच तुम्हीं केलेंत. ठिबकत असेल, तर आटे साफ करून त्यांवर फीत गुंडाळावी. जोर वाढवूं नये."

पुढील काम आम्हीं जवळ बसून पाहिलें. सर्व चक्रें काढून पेटी धुतली. तड्यावर रॉकेल लावून पुसलें व वर खडूची पूड चोळली. आंत मुरलेलें रॉकेल वर येतांच तड्याची रेघ शेवटच्या टोंकापर्यंत उमटली. त्या टोंकाशीं एक बारीक भोक पाडलें, म्हणजे तडा पुढें पळत नाहीं. मग तडा खांचेसारखा कोरून व पेटी शेकून मुरलेलें तेल घालविलें. निकेलच्या सळईनें एका वेळीं इंचभरच वेल्डिंग, लगेच हलक्या हातोडीचे ठोके, आणि हात लावतां येईपर्यंत विश्रांति! थंड होतांना आकसणारा धातु बिडास ओढतो. ठोक्यांनीं तो पसरून ती ओढ कमी होते. शेवटीं आटे नव्यानें पाडून पेटींत रात्रभर रॉकेल भरून ठेविलें. सकाळपर्यंत एक थेंबही बाहेर आला नाहीं.

हल्लींच्या बहुतेक मोटारींचें हाऊसिंग अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचें असतें. त्यास ही रीत लागू नाहीं. अॅल्युमिनियम सुमारें ६६० अंशांवर वितळतें, पण त्यावरील ऑक्साइडची साय २००० अंशांहून अधिक उष्णता मागते. शिवाय लाल न होतांच धातु ढासळतो. त्यास आर्गॉन वायूच्या आच्छादनांत वेल्डिंग करणारा जाणता कारागीरच हवा.

घरीं परततांच वडील बंधूंनीं संवयीनें विचारलें, "कोणीं फोडलें होतें?" पुतण्यानें "मीं" म्हणून सांगितलें, आणि कसें फुटलें तेंही न विचारतां सांगितलें. बंधु थोडा वेळ गप्प राहिले. नंतर पान्यावर घालण्याची ती नळी त्यांनीं स्वतः नेऊन माळ्यावर टाकली. त्या पंधरवड्यास मातुःश्री ठरल्या दिवशींच इस्पितळांत गेल्या. जीप पुतण्यानेंच चालविली.